प्रवासापूर्वीची सुई

माणसाच्या मांडीच्या बाहेरच्या बाजूस, कंबर आणि गुडघा यांच्या साधारण मध्यावर, अशी एक जागा आहे की जिथे सुई खुपसली असता सहसा काही बिघडत नाही. तिथे मोठी रक्तवाहिनी नाही, मोठी नस नाही, हाड खोल आहे आणि मांस पुरेसे आहे. हे ज्ञान मला ज्या वयात झाले, त्या वयात माझ्या बरोबरीचे लोक नवे काही शिकण्यापेक्षा जुने विसरण्याच्या उद्योगात असतात. ज्ञान केव्हाही आणि कसलेही झाले तरी ते पवित्रच, अशी माझी आजवरची श्रद्धा. ती अजून शाबूत आहे. पण तिच्याकडे पाहताना हल्ली मला थोडे अवघडल्यासारखे होते.

प्रकरणाचे मूळ पत्नीच्या पोटात होते. हिला गाडी लागते. पुष्कळांना लागते, हे मला ठाऊक आहे. परंतु त्या पुष्कळांना गाडी चालू झाल्यावर लागते. हिला ती उभी असतानाच लागते. बसच्या आसनांचा वास, डिझेलचा वास, शेजारच्या प्रवाशाने सोललेल्या फळाचा वास, यांपैकी एकही पुरे. गोळी घ्यावी, तर ती पोटात जाऊन बैठक मारते न मारते तोच तिची उचलबांगडी होते. त्यामुळे आमचे सगळे आयुष्य पायी जाता येईल एवढ्या परिघात गेले. मला त्याचे दुःख नव्हते. पुस्तके घरी होती आणि शाळा जवळ होती. हिला मात्र होते, कारण त्या परिघाच्या बाहेर, घाटापलीकडच्या गावी, तिची थोरली बहीण राहत होती.

ताईंनी हिला लहानाची मोठी केलेली. आई लवकर गेली, तेव्हा ताई स्वतःच वेणी घालायला शिकत होत्या. त्यांनी आधी धाकटीची घातली. अलीकडे ताईंना ऐकू फार कमी येई. फोनवर तर मुळीच नाही. म्हणून दोघी बहिणींचे बोलणे भाच्याच्या मध्यस्थीने चाले. ही इकडून म्हणे, "तिला विचार, गुडघे कसे आहेत." भाचा तिकडे ओरडे. मग सांगे, "आई म्हणते, बरे आहेत, तुझे कसे आहेत." दोन वृद्ध स्त्रियांचे साठ-पासष्ट वर्षांचे जिव्हाळे अशा रीतीने गुडघ्यांपाशी येऊन थांबत. तिसऱ्या माणसाच्या तोंडून यापलीकडे काय जाणार?

आता तोच भाचा आईला घेऊन समुद्रापलीकडे कायमचा निघाला होता. घर विकले होते, विमानाचा दिवस ठरला होता. हाताशी तीन आठवड्यांच्या आसपास अवधी होता. हिने ठरवले की जायचे आणि आठ दिवस राहायचे. पूर्वी तीन वेळा ती अशीच निघाली होती आणि तिन्ही वेळा घाटाच्या पायथ्याशी उतरून, रस्त्याकडेच्या दगडावर बसून, उलट दिशेच्या बसने परतली होती. यावेळी ती मला म्हणाली, "अहो, मधे कोणी नसताना मला ताईशी एकदा बोलायचंय. एवढं जमवा तुम्ही."

आजवर हिने माझ्याकडे जे मागितले त्यात हे पहिलेच असे होते की जे बाजारात मिळत नव्हते.

आमच्या डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या आहेत. त्यांनी सांगितले की गोळी टिकत नसेल तर उलटी थांबवणाऱ्या औषधाचे इंजेक्शन मिळते. ते खोल स्नायूत द्यावे लागते, निघण्याच्या साधारण अर्धा तास आधी. अडचण अशी की बस पहाटे सुटे आणि दवाखाना दिवस बराच वर आल्यावर उघडे. शिवाय परत येताना तिकडे कोण देणार, हा प्रश्न होताच. "घरात कोणी शिकलेलं आहे का?" त्यांनी विचारले. त्यांना अभिप्रेत असलेले शिकणे निराळे होते, हे माझ्या लक्षात येण्यापूर्वीच मी म्हणून गेलो, "मी आहे."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "तुम्ही काय करत होता, नोकरीत असताना?"

"संस्कृत शिकवीत होतो."

त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. मग त्यांनी अटी घातल्या. आमच्या नर्सबाईंकडून नीट शिकायचे. पहिली सुई इथे, माझ्यासमोर द्यायची. औषध शिरेत जाता कामा नये आणि नुसते कातडीखालीही राहता कामा नये. हिचे वय आणि वजन पाहता अर्धी कुपी पुरे. रस्ता फारच वाईट असेल तर जास्तीत जास्त एक, आणि मग संध्याकाळपर्यंत पुन्हा नाही. फुटलेल्या कुपीत उरलेले औषध ठेवायचे नाही, टाकून द्यायचे. "आणि झोप येईल बरं का," त्या म्हणाल्या, "उठताना चक्कर येऊ शकते. हात धरून चालवा."

झोपेची सूचना मी अन्य अटींपेक्षा वेगळ्या भावनेने ऐकली. अटींच्या शेवटी कोणीतरी बक्षीस जाहीर करावे, तशी ती मला वाटली. प्रवासात झोप लागणे यापरते सुख कोणते, असा विचार करीत मी घरी आलो.

पहिला अडथळा औषधाच्या दुकानात आला. औषध संपले होते, पुढच्या खेपेला येणार होते. सिरिंज होती, पण तिची सुई मधुमेहाची, बारीक आणि आखूड. ती स्नायूपर्यंत पोहोचत नाही. मी दुकानदाराला म्हणालो, "मला लांब सुई हवी. खोल जाणारी." वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते. तरीही रांगेतल्या बाईंनी आपली पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि दुकानदाराने माझ्या बाहीकडे पाहिले. ज्याने आयुष्यात चहाखेरीज कशाचे व्यसन केले नाही, त्याच्या दंडाकडे भर दुकानात संशयाने पाहिले जावे, हा प्रसंग माझ्या मनाला फार लागला. मी डॉक्टरीणबाईंचा कागद पुढे केला. तो उलटसुलट पाहून दुकानदार म्हणाला, "आजोबा, यावर सुईची लांबी लिहिलेली नाही." मी दवाखान्यात परत गेलो. दवाखाना दुपारचा बंद होता.

सायंकाळपर्यंत ही वार्ता आमच्या इमारतीत माझ्या आधी पोहोचली होती. वरच्या मजल्यावर जे गृहस्थ राहतात, त्यांना सगळे खजिनदार म्हणतात, कारण इमारतीच्या देखभालीचा निधी त्यांच्याकडे असतो आणि तो ते कोणालाही खर्चू देत नाहीत. खजिनदार खाली आले, बसले, आणि त्यांनी मला सांगितले की त्यांच्या काकांना कमरेखाली चुकीच्या जागी सुई बसली आणि पाय कायमचा लुळा पडला. त्यानंतर त्यांनी पाणी मागितले. त्यांच्या पत्नी मागोमाग आल्या. त्यांचे मत असे की सुई काढल्यावर ती जागा खसाखसा चोळावी. चोळू नये असे नर्सबाई सांगतात, त्याचे कारण त्यांना चोळायचा कंटाळा असतो. अर्ध्या कुपीचे ऐकल्यावर मात्र खजिनदार खरोखर व्यथित झाले.

"अर्धं औषध फेकायचं? मास्तर, तोंडाला मेण लावा आणि फ्रिजमध्ये ठेवा. परतीला होईल."

मी म्हटले, फुटलेल्या काचेच्या नळीत एकदा हवा शिरली की ते औषध शुद्ध राहत नाही. शुद्धाशुद्धाचा विचार मी आयुष्यभर केला असल्यामुळे हे मला चटकन पटले होते. खजिनदारांना पटले नाही. त्यांनी आमच्या हिच्याकडे पाहिले.  तिच्या चेहऱ्यावरून मला कळले की मत त्यांच्या बाजूने पडले आहे.

औषध आणि लांब सुया आल्या तेव्हा नर्सबाई रजेवर गेल्या होत्या. त्या परतल्या तोवर हिच्या आठ दिवसांतले दोन गेले होते.

शिक्षण संत्र्यावर सुरू झाले. संत्र्याची साल आणि माणसाची कातडी यांत प्रतिकाराचे साम्य आहे, असे नर्सबाईंनी सांगितले. हात साबणाने धुवावेत. मी कोपरापर्यंत धुतले, आणि इतका वेळ धुतले की त्या बाहेरून म्हणाल्या, "आजोबा, ऑपरेशन नाहीये." कुपीवरचे नाव वाचावे, मुदत वाचावी, औषध उजेडात धरून गढूळ नाही ना ते पाहावे. मानेभोवती कापूस धरून कुपी आपल्यापासून दूर मोडावी. औषध ओढून घ्यावे, बुडबुडे टिचक्या मारून वर आणावेत आणि हवा काढून टाकावी. टोचण्यासाठी सुई नवी लावावी. स्पिरिटने जागा पुसावी आणि ती आपोआप वाळू द्यावी. फुंकर मारू नये. मी फुंकर मारली. लहानपणापासून लागलेली सवय, जखम म्हटली की फुंकर. नर्सबाई म्हणाल्या, पुन्हा पुसा.

या सगळ्यात मला एक विलक्षण प्रसन्नता वाटू लागली, हे इथे सांगितले पाहिजे. शुद्धी, निरीक्षण, क्रम, नियत हस्त, नियत कोन. काटकोनात, लेखणी धरतात तशी धरून, एकाच निश्चयी गतीने आत. मग दट्ट्या सावकाश. जिथे प्रत्येक कृतीला कारण आहे आणि एकही कृती फालतू नाही, अशी गोष्ट मला फार दिवसांनी भेटली होती. मी घरी डझनभर संत्री आणली. रोज सकाळ-संध्याकाळ दिवाणखान्यात स्वच्छ फडके अंथरून मी त्यांच्यात पाणी भरू लागलो. नर्सबाईंनी बजावले होते की ही संत्री खायची नाहीत. म्हणून मी ती कचऱ्यात टाकी, आणि ही स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, ओळखीच्या माणसाची शवयात्रा जावी तसे त्यांच्याकडे पाही. संत्री संपल्यावर मी खुर्चीवरच्या गादीकडे वळलो. ती अधिक मांसल होती. एकदा खजिनदार विचारपूस करायला आले आणि तिच्यावर बसले. किंचित थांबून ते उठले, पाठीमागे हात नेऊन त्यांनी चाचपणी केली आणि मान हलवून निघून गेले. त्या गादीत नुसते पाणी होते, हे त्यांना कसे सांगावे, याचा विचार मी नंतर दोन दिवस करीत होतो.

वापरलेल्या सुया साध्या कचऱ्यात टाकायच्या नाहीत. जाड भिंतीच्या, झाकणाच्या डब्यात टाकायच्या. हिची साखरेची बरणी त्याला सर्वस्वी योग्य होती. तो डबा भरल्यावर कुठे द्यायचा, हे विचारायला मी औषधाच्या दुकानात गेलो. तिथून सरकारी रुग्णालयात. तिथल्या खिडकीवरून नगरपालिकेच्या आरोग्य विभागात. तिथल्या साहेबांनी बरणी हातात घेऊन पाहिली आणि म्हणाले, "छान आहे. पण आम्ही रुग्णालयाकडूनच घेतो." रुग्णालयाने सांगितले की ते फक्त आपल्या रुग्णांच्या सुया घेतात. मी विचारले, संत्री कोणाचे रुग्ण? यावर तो मनुष्य हसला नाही. शेवटी डॉक्टरीणबाईंनीच ती बरणी आपल्याकडे ठेवून घेतली, पण तोवर आणखी दोन दिवस गेले. ते दिवस घालवायला नको होते. बरणी आम्ही प्रवासाहून परत आल्यावरही रिकामी करता आली असती. पण एखादी गोष्ट करायची तर शेवटापर्यंत नीट करायची, असा माझा स्वभाव आहे.

ही रोज विचारी, "झालं का तुमचं?" मी म्हणे, अजून हाताला स्थैर्य नाही. ती बॅग भरी. दोन दिवसांनी त्यातले थोडे कपडे काढून कपाटात ठेवी, कारण आठ दिवसांचे आता चार झाले होते. मग आणखी थोडे काढी. एकदा मी पाहिले, तिने सगळे काढले आणि एकच जोडी उरवली. मी फडके अंथरले आणि सरावाला बसलो.

पहिली सुई मी दवाखान्यात दिली. डॉक्टरीणबाई एका बाजूस, नर्सबाई दुसऱ्या बाजूस. मांडी धरली, जागा मोजली, पुसली, वाळू दिली. सुई हातात घेतली आणि माझा हात थांबला. संत्र्याचे आणि आपले नाते काही नसते, हे तोवर लक्षात आले नव्हते. ही समोर पाहत बसली होती. मग म्हणाली, "अहो, टोचा एकदाचं. ताई तिकडे म्हातारी होतेय."

मी टोचली. अर्धी कुपी सावकाश आत गेली. सुई सरळ बाहेर काढली, कापूस दाबून धरला, चोळला नाही. रक्ताचा थेंबही आला नाही. "मस्त," नर्सबाई म्हणाल्या. इतक्या पदव्या, इतके सत्कार, पण त्या एका शब्दाने माझ्या छातीत जे झाले ते पूर्वी कधी झाले नव्हते. ही तासभर बाकावर पेंगली, मग उठली, माझा हात धरून घरी चालत आली. वाटेत मी म्हटले, बघ, औषध किती गुणकारी आहे, एकही उलटी नाही.

"बसमध्ये नसताना मला एरवी तरी कुठे होते?" ही म्हणाली.

हे खरे होते. तर्कशास्त्रही मी थोडे शिकवले आहे. पण हा दोष माझ्या ध्यानात आला नव्हता.

निघायचा दिवस उजाडला तो भाच्याच्या विमानाचाच. पहाटेची बस, दुपारच्या आत पोहोचणार, आणि संध्याकाळी त्यांची गाडी विमानतळाकडे निघणार. एक दुपार. आठ दिवसांची झिजत झिजत एक दुपार उरली होती, तरी मी स्वतःला समजावले की दोन बहिणींना मनातले बोलायला एक दुपार थोडी नाही.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी फडके अंथरले. हात धुतले. नाव वाचले, मुदत वाचली, कुपी दिव्यासमोर धरली. मान मोडली. निम्म्या खुणेपर्यंत औषध ओढून घेतले आणि कुपी बाजूला ठेवली. खुर्चीत बसलेल्या हिची नजर कुपीवर खिळली.

"ते राहिलंय."

"ते टाकायचे आहे."

"निम्मं?"

मी म्हटले, ठरल्याप्रमाणे अर्धेच. तिने मान वाकवून कुपीतले उरलेले औषध पाहिले. मग म्हणाली, "रस्ता वाईट असेल तर पूर्ण चालेल, असं म्हणाल्या होत्या ना डॉक्टर?"

"म्हणाल्या होत्या."

"मग याहून वाईट रस्ता कुठाय?"

मी सुई खाली केली. ही फेकाफेकीच्या विरोधात आहे, हे मला माहीत होते. डझनभर संत्र्यांचे ऋण त्या अर्ध्या कुपीवर होते. ते एवढेच असते तर मी ऐकले नसते. पण तिने माझ्याकडे न पाहता, खिडकीकडे पाहत विचारले, "आणि घाटात उतरावं लागलं तर?"

तिच्या डोळ्यांसमोर तो रस्त्याकडेचा दगड होता. माझ्याही होता. मी उरलेले औषध ओढून घेतले. डॉक्टरीणबाईंनी घालून दिलेल्या मर्यादेच्या आत आम्ही होतो, हे मी स्वतःशी दोनदा म्हटले. सुई काटकोनात गेली, दट्ट्या सावकाश गेला, रक्ताचा थेंब आला नाही. या सबंध प्रकरणात जे जे मी हाताने केले, ते निर्दोष केले. हे वाक्य मी फार वेळा मनात म्हणून पाहिले आहे. दर वेळी ते थोडे अधिक वाईट वाटते.

बस उशिरा सुटली. चालकाची वाट पाहत ती फलाटावर बराच वेळ घुरघुरत उभी होती, आणि बस सुटायच्या आतच हिचे डोके माझ्या खांद्यावर आले.

त्यानंतरचे काही तास माझ्या आयुष्यातल्या गौरवाच्या तासांपैकी होत. घाट सुरू झाला. पहिल्या वळणावर पुढच्या आसनावरचे एक गृहस्थ खिडकीबाहेर झुकले. तिसऱ्या वळणावर त्यांच्या शेजारच्या बाईंनी रुमाल तोंडाला लावला. वाहक प्लॅस्टिकच्या पिशव्या वाटीत फिरू लागला. त्याने आमच्यापुढेही पिशवी धरली, तेव्हा मी हात वर करून ती नम्रपणे नाकारली. ही झोपली होती. श्वास शांत, चेहऱ्याचा रंग उत्तम. पलीकडच्या आसनावर एक तरुण फिकट होऊन बसला होता. त्याचे मन रमावे म्हणून मी त्याला मांडीच्या बाहेरच्या स्नायूची रचना, सुईची लांबी आणि कातडीखाली औषध राहिल्यास होणारी आग, हे सविस्तर समजावून सांगितले. तो थोडा वेळ ऐकत राहिला. मग त्याने माझ्याकडून तोंड फिरवले आणि वाहकाला हाक मारली.

घाट उतरला. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही तो दगड मागे टाकून घाटापलीकडे आलो होतो. ही आनंदाची गोष्ट सांगावी म्हणून मी हिला हलवले. ती म्हणाली, "हं," आणि डोके दुसऱ्या बाजूस टाकले.

फाटकाशी भाचा उभा होता, दारात ताई. हिला आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरून रिक्षातून उतरवले. पाय चालत होते, पण ती त्यांच्याबरोबर नव्हती. दारापाशी आल्यावर तिने डोळे उघडले. ताईंचा चेहरा तिच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ होता. ती इतकी सुंदर हसली की क्षणभर मला वाटले, झाले, जमले.

"ताई," ती म्हणाली, "जरा पडते."

घरातले सगळे सामान गेले होते. आतल्या खोलीत नव्या मालकाला देऊन टाकलेला एक पलंग तेवढा उरला होता. त्यावर ती आडवी झाली.

मी काय काय केले ते सगळे सांगत नाही. ओल्या रुमालाने तिचे तोंड पुसले, तिला उठवून बसवले, ताई आल्यात म्हणून कानाशी सांगितले. दर वेळी ती मान हलवी, काहीतरी बरोबर उत्तर देई आणि पुन्हा कलंडे. मग मी डॉक्टरीणबाईंना फोन केला. पूर्ण कुपी दिली, असे सांगितले. श्वास नीट आहे ना, त्यांनी विचारले. हाक मारल्यावर बोलते ना, ओठ निळे नाहीत ना. नाही. "मग घाबरू नका. एका कुशीवर झोपवा. उठवून चालवू नका, पडेल. आणि एकटं सोडू नका, कोणीतरी जवळ बसा. उतरेल संध्याकाळपर्यंत."

"संध्याकाळी त्यांची गाडी आहे," मी म्हणालो. पण हा प्रश्न वैद्यकाचा नव्हता.

ताईंना मी हे सगळे कानाशी ओरडून सांगितले. रागावतील असे वाटले होते. त्यांनी हिच्या कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाल्या, "झोपू दे. लहानपणीही मधेच उठवली की दिवसभर रडायची." त्या पलंगाच्या काठावर बसल्या. कोणीतरी जवळ बसायला हवे होते. कोण, हा प्रश्नच उरला नाही.

त्या बोलू लागल्या. हिच्याकडे पाहून, हिचा हात हातात घेऊन, जणू ही ऐकते आहे आणि मधून मधून उत्तर देते आहे. दोन बहिणींच्या बोलण्यात परक्याने बसू नये. मी हलकेच उठलो, बाहेर आलो आणि दार लोटून घेतले. पण ज्यांना ऐकू कमी येते त्यांचा आवाज मोठा असतो. ओसरीवर एखादा शब्द कानी पडू लागला. तिथे उभे राहणे म्हणजे चोरून ऐकणे. म्हणून मी पायऱ्या उतरून अंगणात गेलो, आणि अंगणातही आवाज येतो असे वाटल्यावर फाटकापाशी जाऊन, रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो. भाचा दोनदा आईला काही विचारायला आत निघाला. दोन्ही वेळा मी त्याला अडवले. म्हटले, मधे जाऊ नकोस. त्या दुपारी मी पहारा फार चोख दिला.

गाडी आली. ताई स्वतःच बाहेर आल्या. मी म्हटले, एकदा उठवून पाहतो. त्यांनी माझ्या ओठांवरून ते ओळखले असावे.

"नको," त्या म्हणाल्या. "माझं बोलून झालं."

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा मी आत गेलो. ही एका कुशीवर झोपलेली. अंगावर ताईंची शाल, नीट चारी बाजूंनी खोचलेली. दिवे लावायच्या वेळेला ती जागी झाली, लख्ख. तिने रिकामी खोली पाहिली, शाल पाहिली, मग माझ्याकडे पाहिले. मला काही सांगावे लागले नाही. तिने शालीची घडी घातली. ती उलगडली आणि पुन्हा घातली.

रात्री आम्ही त्याच घरी राहिलो. सकाळी मी परतीच्या सुईची तयारी करू लागलो, तर ती म्हणाली, "नको. झोप पुरे झाली मला." मी अर्धीच देतो म्हटले. तिने मान हलवली. माझ्याकडे सगळे होते, स्पिरिट, कापूस, नवी सुई. मी ते तसेच पिशवीत भरून ठेवले.

बस सुटण्यापूर्वीच तिला पहिली उलटी झाली. वाहकाकडून मी पिशव्यांचा गठ्ठाच मागून घेतला. एका हाताने तिचे कपाळ धरले, दुसऱ्याने पिशवी. घाट चढायला लागला. मध्ये जेवढी सपाटी मिळे, तेवढ्यात ती बोले.

"ताई वाळलीय का?"

"थोड्या. चेहरा तसाच आहे."

वळण. मग पुन्हा सपाटी.

"काय बोलली?"

"मी तिथे नव्हतो," मी म्हणालो. "दार लोटून बाहेर आलो होतो."

"अहो, ताईचा आवाज तर ओसरीपर्यंत येतो."

"म्हणून तर फाटकापर्यंत गेलो."

ती माझ्याकडे पाहत राहिली. त्या नजरेत राग असता तर मला पुष्कळ सोपे गेले असते. पुढचे वळण आले आणि तिला माझ्याकडे पाहणे थांबवावे लागले. त्यानंतर बराच वेळ आम्ही दोघेही नुसते पिशवीकडे पाहत होतो.

"मधे कुठे हसली का?" तिने तोंड पुसत विचारले.

एवढे मला ऐकू आले होते. "एकदा. खूप मोठ्याने."

"सुरुवातीला, की शेवटी?"

"शेवटी शेवटी."

तिने मान हलवली, एखादा हिशेब जुळावा तशी. खिडकीबाहेर दरी होती. ती तिकडे पाहत राहिली आणि तिच्या पांढऱ्याफटक चेहऱ्यावर हळूहळू हसू आले. तिचे खांदे हलू लागले. मी विचारले, काय गं, कशाला हसल्या असतील त्या?

"ते तुम्हाला नाही सांगायचं," ती म्हणाली.

बस वळली. मी दुसरी पिशवी उघडून धरली.